जुन्या टेलिफोन लाइनींचे वेग आजच्या एककांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मोडेम (संगणकाचा डेटा टेलिफोन लाइनवरून नेणारं यंत्र), लीज लाइन (भाड्याने घेतलेली, फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन) आणि एक्स्चेंजच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. आता नेटवर्किंग शिकवतो आणि कुणी बोलावलं तर जुन्या जोडण्या नव्यावर नेऊन देतो. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांतून, साखर कारखान्याच्या काट्यावरून, पतसंस्थांतून आणि डिप्लोमाच्या मुलांकडून मला तेच तेच प्रश्न येत राहतात. फाइलीतल्या कागदावर '६४ केबीपीएस', 'ई१', 'दोन एमबी', '९६०० बॉड' असं काहीतरी असतं आणि समोर बसलेला विक्रेता '१०० एमबीपीएस' म्हणत असतो. दोन्हींची सांगड घालताना चूक झाली की एकतर पैसे जास्त जातात, नाहीतर काम अडतं. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, १०० एमबीपीएसची लाइन घेतली, पण फाइल उतरवताना ११-१२ च दिसतंय. फसवलं का आम्हाला?

नाही. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि संगणक फाइल बाइटमध्ये मोजतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ला ८ ने भागा, १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद येतात. डेटा छोट्या पाकिटांत भरून जातो; त्या पाकिटांवरच्या पत्त्यांची वगैरे वजावट झाली की साधारण ११.९ उरतात. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी मोठा 'बी' वापरतात. बोलताना मात्र दोन्हीला आपण 'एमबी'च म्हणतो आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. जुन्या कागदावर 'दोन एमबी लाइन' असेल तर ते जवळपास नेहमी मेगाबिट असतं.

२. केबीपीएसमधला 'किलो' १००० धरायचा की १०२४?

लाइनच्या वेगात नेहमी १०००. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, ६५,५३६ नव्हे. १०२४ चा हिशेब संगणकाच्या मेमरीतून आला आणि विंडोज आजही फाइलचा आकार १०२४ ने भागूनच दाखवतं. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली १०२४ च्या पटींना 'किबी', 'मेबी' अशी वेगळी नावं दिली गेली, पण बाजारात ती रुळली नाहीत.

ई१, म्हणजे ६४ केबीपीएसचे ३२ खण एकत्र नेणारी डिजिटल लाइन, तिचा वेग २०४८ केबीपीएस आहे. हा आकडा १०२४ ची दुप्पट दिसतो, त्यामुळे चांगले चांगले विद्यार्थी इथे चुकतात आणि 'म्हणजे बरोबर २ एमबी' असं लिहून मोकळे होतात. २०४८ हा ३२ गुणिले ६४ आहे, १०२४ शी त्याचा संबंध नाही. ई१ म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट, म्हणजे २,५६,००० बाइट. विंडोजच्या पडद्यावर तेच २५० दिसतील. दोन्ही आकडे खरे आहेत, भागाकार वेगळा आहे.

३. जिथे तिथे ६४ च का? ५० किंवा १०० का नाही?

कारण ही सगळी व्यवस्था माणसाच्या बोलण्याभोवती उभी राहिली. टेलिफोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेला तरी बोलणं स्वच्छ कळतं. वर थोडी जागा सोडून हा पट्टा ४००० हर्ट्झ धरला. तो अंकांत उतरवायचा तर दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा नमुना घ्यावा लागतो. प्रत्येक नमुन्याला ८ बिट. ८००० गुणिले ८, झाले ६४,०००.

एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं पाठांतर निम्मं होतं. ई१, तिचं अमेरिकन भावंड टी१, अनेक ई१ एकत्र नेणारी मोठी एसटीएम-१, या सगळ्यांत एक चौकट (बिटांचा ठरलेला गठ्ठा) सेकंदाला ८००० वेळाच फिरते. म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक चौकट. चौकटीत किती बिट बसवलेत एवढाच फरक. चौकटीतले बिट मोजा, ८००० ने गुणा, लाइनचा वेग हातात येतो.

४. ई१ ला २ एमबी म्हणतात, २.०४८ लिहितात, मग वापरायला नक्की किती मिळतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो यावाच. उसाच्या काट्यावर तीन वजनं असतात: भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि निव्वळ उसाचं. लाइनचंही तसंच आहे. कुणी वेग सांगितला की मी आधी विचारतो, हे कुठलं वजन सांगताय?

भरलेली गाडी: ई१ मध्ये ३२ खण असतात, प्रत्येक ६४ केबीपीएसचा. ३२ गुणिले ६४ म्हणजे २०४८ केबीपीएस. तारेवरून सेकंदाला खरोखर एवढे बिट धावतात.

पहिली वजावट: शून्य क्रमांकाचा खण चौकटीची सुरुवात कुठे आहे हे ओळखण्यासाठी राखलेला. उरले ३१ खण, १९८४ केबीपीएस. डेटासाठी घेतलेल्या लाइनवर तुमच्या राउटरला एवढेच मिळतात. लाइन टेलिफोनसाठी असेल तर सोळावा खण कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना जातो, आणि बोलायला ३० उरतात. म्हणून एक्स्चेंजची माणसं ई१ ला 'तीस चॅनेल' म्हणतात.

दुसरी वजावट पाकिटांची. इंटरनेटच्या १५०० बाइटच्या पाकिटात फाइलचे १४६० बाइट असतात, बाकी पत्ते. लाइनवर पाठवताना आणखी सात-आठ बाइट लागतात. १९८४ मधून एवढं वजा केलं की साधारण १९२० केबीपीएस राहतात, म्हणजे सेकंदाला २४० किलोबाइट. हे निव्वळ वजन.

एक अपवाद जरूर ध्यानात ठेवा. काही जोडण्यांत ई१ ला चौकटच नसते, पूर्ण २०४८ केबीपीएस सरळ राउटरला मिळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अनफ्रेम्ड' लिहिलेलं असेल तर पहिली वजावट करू नका. मात्र दोन टोकांपैकी एकीकडे चौकट आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर लाइनचा दिवा हिरवा असूनही डेटा जात नाही. अशा बिघाडात कितीतरी वेळा केबल बदलून बघण्यात दिवस गेलेला मी पाहिला आहे.

५. सगळे आकडे एका तक्त्यात द्याल का?

देतो. तिसरा रकाना नुसता ८ ने भागलेला आहे, प्रश्न ४ मधल्या वजावटी त्यात केलेल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात मोबाइलवर काढलेला ५ मेगाबाइटचा एक फोटो जायला लागणारा कमीत कमी वेळ आहे, तो पाहिला की आकड्यांचा अंदाज लवकर येतो.

| लाइन | वेग | सेकंदाला | ५ मेगाबाइटचा फोटो |
|---|---|---|---|
| ३३.६ केबीपीएस मोडेम | ३३.६ केबीपीएस | ४.२ किलोबाइट | सुमारे २० मिनिटं |
| ५६ के मोडेम | ५६ केबीपीएस | ७ किलोबाइट | सुमारे १२ मिनिटं |
| एक चॅनेल | ६४ केबीपीएस | ८ किलोबाइट | १० मिनिटं २५ सेकंद |
| आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन जोडणी), दोन चॅनेल | १२८ केबीपीएस | १६ किलोबाइट | ५ मिनिटं १३ सेकंद |
| टी१ | १.५४४ एमबीपीएस | १९३ किलोबाइट | २६ सेकंद |
| ई१ | २.०४८ एमबीपीएस | २५६ किलोबाइट | १९.५ सेकंद |
| ई३ | ३४.३६८ एमबीपीएस | ४.२९६ मेगाबाइट | १.२ सेकंद |
| टी३ | ४४.७३६ एमबीपीएस | ५.५९२ मेगाबाइट | ०.९ सेकंद |
| एसटीएम-१ | १५५.५२ एमबीपीएस | १९.४४ मेगाबाइट | पाव सेकंद |
| एसटीएम-४ | ६२२.०८ एमबीपीएस | ७७.७६ मेगाबाइट | – |
| एसटीएम-१६ | २४८८.३२ एमबीपीएस | ३११.०४ मेगाबाइट | – |
| एसटीएम-६४ | ९९५३.२८ एमबीपीएस | १२४४.१६ मेगाबाइट | – |

एसटीएमची पायरी दर वेळी बरोबर चौपट होते. ई आणि टी यांच्या पायऱ्या तशा होत नाहीत, कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

६. आम्ही टॉवेल अमेरिकेला पाठवतो. तिकडच्या ग्राहकाच्या जुन्या कागदावर 'टी१' आहे. ते आपलं ई१ च का?

सख्खी भावंडं आहेत, पण एक नाहीत. भारताने युरोपची ई शिडी घेतली, अमेरिका आणि जपानने २४ चॅनेलची. टी१ मध्ये ६४ केबीपीएसचे २४ खण, म्हणजे १५३६ केबीपीएस. त्यात प्रत्येक चौकटीला एक जादा बिट, सेकंदाला ८०००. बेरीज १५४४ केबीपीएस. चौकट १९३ बिटांची आहे, म्हणून तक्त्यात बाइटही १९३ हजारच आले.

इथे एक खाच आहे. टी१ वर बोलण्यासाठी वेगळा संदेश-खण नव्हता, म्हणून काही चौकटींत प्रत्येक चॅनेलचा एक बिट कॉलच्या संदेशासाठी काढून घेत. बोलताना कानाला कळत नाही, पण डेटाला एक चुकलेला बिटही चालत नाही. मग आठवा बिट सोडूनच द्यायचा: ८००० गुणिले ७, म्हणजे ५६ केबीपीएस. अमेरिकन कागदावर '५६ के लाइन' असेल तर ती बहुधा अशीच डिजिटल लाइन असते. ती डायल-अप मोडेम समजू नका.

७. बॉड आणि बीपीएस एकच ना?

टेलेक्स (टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणारं जुनं यंत्र) आणि ३०० च्या मोडेमपर्यंत एकच होते, पुढे वेगळे झाले. कारखान्यातून स्टेशनकडे टेम्पो जातोय असं धरा. तासाला किती फेऱ्या होतात तो बॉड. एका फेरीत किती गाठी भरल्यात ते बिट. फेरीला एकच गाठ असेल तर दोन्ही आकडे सारखे येतात.

१२०० बीपीएसचा मोडेम सेकंदाला ६०० फेऱ्या करतो, दर फेरीत २ बिट. २४०० चा मोडेमही ६०० च फेऱ्या करतो, पण दर फेरीत ४ बिट. ९६०० चा मोडेम २४०० फेऱ्या करतो. टेलिफोनच्या अरुंद पट्ट्यात फेऱ्या वाढवायला मर्यादा होती, म्हणून इंजिनिअरांनी फेरीमागे बिट वाढवले. तेव्हा 'मोडेम ९६०० बॉड' असं कागदावर असेल तर लिहिणाऱ्याला बीपीएस म्हणायचं आहे, तसंच वाचा. संगणक ते यंत्र अशी सरळ सीरियल केबल (एकामागोमाग एक बिट नेणारी) असेल तर बॉड आणि बीपीएस आजही एकच, तिथे शंका नको.

८. आमच्या वजनकाट्याची सीरियल लाइन ९६०० वर आहे. सेकंदाला किती अक्षरं येतात? ८ ने भागल्यावर हिशेब चुकतोय.

इथे ८ ने भागायचं नाही, १० ने भागायचं. काट्याच्या डिस्प्लेपासून संगणकापर्यंत येणारं प्रत्येक अक्षर स्वतःची सुरुवात आणि शेवट सांगत येतं: एक सुरुवातीचा बिट, आठ डेटाचे, एक शेवटचा. म्हणून ९६०० भागिले १०, सेकंदाला ९६० अक्षरं. काही काटे सात बिट आणि एक पॅरिटी बिट (चूक ओळखण्यासाठीचा) पाठवतात, त्यांचीही बेरीज १० च होते. आठ बिट, वर पॅरिटीही असेल तर ११ ने भागा, ८७२ अक्षरं येतील.

काटा एका वाचनाला १६ अक्षरं पाठवत असेल, तर ९६०० वर सेकंदाला ६० वाचनं येऊ शकतात आणि १२०० वर साडेसात. वजनासाठी साडेसातही भरपूर आहेत. त्यामुळे वेग वाढवण्याच्या मागे लागू नका. गेटपासून ऑफिस लांब असेल तर कमी वेगच जास्त भरवशाचा. नेहमीच्या सीरियल जोडणीची, म्हणजे आरएस-२३२ ची केबल १५ मीटरच्या आसपास धरायची, त्यापुढे आरएस-४८५ ही लांब अंतराची जोडणी घ्या, ती कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाते. आणि यूएसबीचा कन्व्हर्टर लावला म्हणून काट्याची लाइन जलद होत नाही, ती ९६०० च राहते.

९. वडिलांच्या पेढीत टेलेक्स होता, ५० बॉडचा. आजच्या हिशेबात किती?

टेलेक्सचं अक्षर पाच बिटांचं. पुढे एक सुरुवातीचा आणि मागे दीड शेवटचा, एकूण साडेसात. ५० भागिले ७.५, सेकंदाला पावणेसातच्या जरा खाली, मिनिटाला बरोबर ४०० अक्षरं. जागा धरून सहा अक्षरांचा शब्द मानला तर मिनिटाला ६६ शब्द.

पाच बिटांत ३२ च चिन्हं बसतात, म्हणून अक्षरांचा एक संच आणि आकड्यांचा दुसरा, आणि एकातून दुसऱ्यात जायला वेगळी कळ. ती कळ पोचली नाही की किमतीच्या जागी अक्षरं छापून यायची. म्हणूनच जुन्या व्यापारी टेलेक्समध्ये रक्कम आकड्यांत आणि शब्दांत, दोन्ही लिहिलेली दिसते. वडिलांच्या फाइलीत असे कागद असतील तर टाकू नका, जपून ठेवा. बॉड हे नाव एमिल बॉदो या फ्रेंच तार-अभियंत्यावरून आलं, पाच बिटांची कल्पनाही त्याच्याच यंत्रातली.

१०. ५६ के मोडेम कधीच ५६ ला का जोडला जात नसे? आणि पडद्यावर कधी कधी ११५२०० कसं यायचं?

५६ फक्त तुमच्याकडे येताना, आणि तेही पलीकडच्या टोकाला डिजिटल लाइन असेल तरच. १९९८ च्या व्ही.९० या प्रमाणानुसार तुमच्याकडून जाताना मर्यादा ३३.६ होती. दोन घरांतले दोन ५६ के मोडेम एकमेकांना जोडले तर ३३.६ च्या वर जातच नव्हते. त्यात तांब्याच्या जोडीची लांबी, जोडांची अवस्था, पावसाळ्यात केबलमध्ये शिरलेलं पाणी. ४४-४६ ला जोडला गेला तरी लाइन चांगली आहे असं आम्ही समजायचो.

११५२०० हा टेलिफोन लाइनचा वेग नव्हेच. तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या छोट्या केबलचा वेग. मोडेम डेटा दाबून पाठवायचा, म्हणून केबल जलद ठेवावी लागे. साधा मजकूर बराच दाबला जातो, आधीच दाबलेली झिप फाइल किंवा फोटो दाबला जात नाही. जुन्या नोंदवहीत ११५२०० लिहिलेलं दिसलं तर ते रूपांतराला घेऊ नका.

बारीक अपवाद: चुका दुरुस्त करणारे मोडेम टेलिफोन लाइनवर सुरुवातीचे-शेवटचे बिट पाठवतच नाहीत. म्हणून प्रश्न ८ चा '१० ने भागा' हा नियम तिथे लागू नाही, ८ ने भागा.

११. आयएसडीएनला कुणी १२८ म्हणतं, कुणी १४४. खरं कोणतं?

दोन्ही. ६४ चे दोन चॅनेल म्हणजे १२८, ते वापरायला. १६ केबीपीएसचा तिसरा चॅनेल कॉलच्या संदेशांसाठी. बेरीज १४४. रूपांतराला १२८ घ्या. मोठ्या पीआरआय जोडणीत असेच ३० चॅनेल असतात, ती अंगाने ई१ च आहे.

१२. जुनी २ एमबीची लीज लाइन आणि २ एमबीपीएसचं ब्रॉडबँड, आकडा एकच मग भाड्यात एवढा फरक का होता?

आकडा एक, वचन वेगळं. लीज लाइनवर जाताना २ आणि येताना २, दिवसरात्र, कुणाशी वाटणी नाही. ब्रॉडबँडवर येताना २ 'पर्यंत', जाताना त्याहून बरंच कमी, आणि पुढची वाट अनेकांत वाटलेली. नागरी बँकेच्या शाखेला मुख्य कार्यालयाकडे नोंदी पाठवायच्या असतात, तिला जातानाचा वेग लागतो. तो विचारायचा राहून जातो.

टेलिफोनच्या तांब्यावरच्या ब्रॉडबँडमध्ये, म्हणजे एडीएसएलमध्ये, आणखी एक वजावट होती. तिथे डेटा ५३ बाइटच्या छोट्या डब्यांत भरत आणि प्रत्येक डब्यात ४८ च बाइट मालाचे. मोडेमच्या पानावर २०४८ दिसत असले तरी बाकीच्या वजावटींसह फाइलला १७५० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे २१९ किलोबाइट मिळत. ई१ च्या २४० शी ताडून पाहा.

जुन्या कागदावर नुसतं 'ब्रॉडबँड' लिहिलं असेल तर कागदाचं साल पाहा. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस.

१३. लाइन दिवसभर पूर्ण चालली तर किती जीबी होतात?

१ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० मेगाबाइट, दिवसाला १०.८ जीबी, ३० दिवसांच्या महिन्याला ३२४ जीबी. हे तीन आकडे पाठ करा, बाकी तोंडी गुणाकार. ६४ केबीपीएसवर दिवसाला ६९१.२ मेगाबाइट. ई१ वर २२.१ जीबी. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकशी तुलना केली, तर ६४ ची अख्खी लाइन दोन दिवस अखंड धावूनही तेवढा डेटा नेऊ शकत नाही.

१४. ई३ मध्ये १६ ई१ असतात. १६ गुणिले २.०४८ केलं तर ३२.७६८ येतं, ३४.३६८ नाही. पुस्तकात चूक आहे का?

पुस्तक बरोबर आहे. जुन्या काळी प्रत्येक उपकरणाचं घड्याळ स्वतःचं होतं, एकमेकांच्या अगदी जवळ पण तंतोतंत एक नाही. चार ई१ एकत्र करताना कुणी किंचित पुढे, कुणी मागे. ही तफावत सामावून घ्यायला मध्ये मध्ये भरतीचे बिट घालत, शिवाय नवी चौकट ओळखण्याचे बिट. म्हणून चार ई१ चे ८.१९२ न होता ८.४४८ होतात, आणि अशा चारांचे ३४.३६८. टी३ मध्येही २८ टी१ चे ४३.२३२ होतात आणि लाइन ४४.७३६ ची असते. परीक्षेत विचारतात म्हणून दोन्ही लिहिले. कामात मात्र ई३ म्हणजे १६ ई१ एवढं धरलं की भागतं.

१५. एसटीएम-१ मध्ये ६३ ई१ बसतात म्हणतात. ते १२९ च होतात. उरलेले २६ एमबीपीएस कुठे जातात?

६३ गुणिले २.०४८ म्हणजे १२९.०२४. तुमचा हिशेब बरोबर आहे. एसटीएम-१ ची चौकट ९ ओळी आणि २७० रकान्यांची. २४३० बाइट, गुणिले ८, गुणिले ८०००, म्हणजे १५५.५२ एमबीपीएस. त्यातले ९ रकाने लाइनच्या देखरेखीसाठी. प्रत्येक ई१ ला सोबतचं सामान धरून २.३०४ एमबीपीएसची जागा दिली जाते, त्यामुळे ६३ ई१ नी १४५.१५२ व्यापले जातात. हे सामान फुकट नाही. मधल्या कुठल्याही गावी ६३ पैकी एकच ई१ उतरवून घेता येतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. प्रश्न १४ मधल्या जुन्या पद्धतीत त्यासाठी सगळी गाठोडी सोडावी लागत.

एसटीएम-१ वर नुसता डेटाच नेत असाल तर वापरायला १४९.७६ एमबीपीएस मिळतात. अमेरिकन कागदावरचं ओसी-३ म्हणजे वेगाने एसटीएम-१, ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४, ओसी-१९२ म्हणजे एसटीएम-६४. ओसीच्या आकड्याला ३ ने भागा.

१६. ३० चॅनेलची पीआरआय काढून सिप ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने चालणारी टेलिफोन लाइन) घेतोय. २ एमबीच्या जागी २ एमबीपीएस पुरेल ना?

पुरणार नाही. बहुतेकांचा अंदाज उलटा असतो: नवं तंत्र आहे, म्हणजे कमीच लागेल. पीआरआयवर एका बोलण्याला नेमके ६४ केबीपीएस लागतात, पत्ता लिहावा लागत नाही, कारण खण ठरलेला असतो. सिपवर तोच आवाज पाकिटांत जातो. दर २० मिलिसेकंदाला १६० बाइट आवाज, वर ४० बाइट पत्ते, वर इथरनेटचे (ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्क जोडणीचे) १८. सेकंदाला अशी ५० पाकिटं. २१८ गुणिले ८ गुणिले ५० म्हणजे ८७.२ केबीपीएस. तीस बोलणी एकदम चालली तर २.६१६ एमबीपीएस, जाताना तेवढेच आणि येताना तेवढेच.

आवाज दाबणारा जी.७२९ वापरला तर एका बोलण्याला ३१.२ केबीपीएस पुरतात. पण त्यावरून फॅक्स जाणार नाही. ऑफिसात फॅक्स यंत्र अजून चालू असेल तर आधी त्याचं बघा.

१७. आमच्या शाखेत पूर्वी ६४ केबीपीएसवर सगळं चालायचं. आता १०० एमबीपीएस आहे तरी अडखळतं. वेग खरंच वाढला का?

वाढला, पंधराशे पटींहून जास्त. पण दोन गोष्टी वेगळ्या मोजा.

एक, तेव्हा काय जायचं? जुन्या टर्मिनलच्या पूर्ण पडद्यावर ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरं मावत. ६४ केबीपीएसवर तो अख्खा पडदा पाव सेकंदात भरायचा. आज एका पानाबरोबर चित्रं, फॉन्ट आणि प्रोग्रॅम मिळून कित्येक मेगाबाइट येतात.

दोन, विलंब. १५०० बाइटचं एक पाकीट तारेवर चढायला ६४ केबीपीएसवर १८७.५ मिलिसेकंद लागत, ई१ वर ५.९, आणि १०० एमबीपीएसवर ०.१२. हा भाग आता संपल्यात जमा आहे. पण अंतर कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद, हे काहीच नाही. तुमचा सर्व्हर समुद्रापलीकडे असेल, किंवा पुण्याची पाकिटं लांबचा वळसा घेऊन जात असतील, तर मात्र १०० चे १००० केले तरी अडखळणं थांबणार नाही. आधी पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहा, मग प्लॅन वाढवा.

उपग्रहावरची व्हीसॅट जोडणी हा यातला टोकाचा अपवाद. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे पाकीट जाऊन पोच परत यायला अर्धा सेकंद. जुन्या संगणकांची रीत अशी, की पोच येईपर्यंत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवून थांबायचं. अर्ध्या सेकंदाला एवढे, म्हणजे १ एमबीपीएसच्या जरासं वर. २ एमबीपीएसची व्हीसॅट घेऊनही एक फाइल निम्म्याच वेगाने उतरायची ती यामुळे. लाइन निर्दोष असायची. दोन फाइली एकदम लावल्या की वेग भरून निघायचा.

१८. आमच्या टेंडरच्या नमुन्यात अजून 'ई१ / २ एमबी' आहे. बदलून काय लिहू?

एका संस्थेच्या टेंडरात नुसतं '२ एमबी' लिहिलं होतं, तेही मोठ्या 'बी'ने. एकाने २ एमबीपीएसचा दर दिला, दुसऱ्याने ८ ने गुणून १६ एमबीपीएसचा. दोघांचंही वाचन चूक म्हणता येत नव्हतं, तुलना होईना, आणि सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागली. त्या कामात मी होतो. महिनाभर शाखा जुन्याच लाइनवर राहिल्या आणि काउंटरवर रांगा लागल्या.

आधी बघा, पलीकडच्या यंत्राला खरंच ई१ चं तोंड (पोर्ट) लागतं का. जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज), रेल्वे किंवा वीज केंद्रातली काही उपकरणं यांना लागतं. तसं असेल तर 'ई१, जी.७०३, २०४८ केबीपीएस' असंच ठेवा (जी.७०३ हे त्या तोंडाचं प्रमाण), शिवाय चौकट हवी की नको आणि तोंड ७५ ओहमचं की १२० ओहमचं, हे लिहा. तिथे २ एमबीपीएसचं इथरनेट दिलं तर ते जोडताच येणार नाही.

नुसता डेटा न्यायचा असेल तर ई१ हा शब्द काढून टाका आणि साधारण असं लिहा: 'इथरनेट जोडणी, जाताना १० आणि येताना १० मेगाबिट प्रतिसेकंद, १ मेगाबिट म्हणजे १०,००,००० बिट, वेग १५०० बाइटच्या पाकिटांवर मोजला जाईल, वाटणी नाही, मुख्य कार्यालयापर्यंत जाऊन-येऊन विलंब २० मिलिसेकंदांच्या आत.' १० आणि २० च्या जागी तुमच्या गरजेचे आकडे घाला. 'मेगाबिट' हा शब्द मात्र पूर्ण लिहा, 'एमबी' असं संक्षिप्त करू नका.